उडताना कंबर, बसल्यावर मिशी: गोव्यातले सोनेरी सुतार ओळखायचे कसे

"काल कुळागरात सोनेरी सुतार बघितला."

हे वाक्य मी वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी ऐकतो. ऐकून बरं वाटतं, पण लगेच माझ्या तोंडून निघून जातं, "कुठला सोनेरी?" समोरचा गप्प. त्याच्या मते सगळं सांगून झालेलं असतं. पाठ सोनेरी, तुरा लालभडक, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, माडाच्या खोडाला चिकटून वर वर जात होता. आणखी काय हवं?

अडचण अशी की एवढ्या वर्णनात बसणारे सुतार पक्षी आपल्याकडे तीन आहेत. कोरड्या रानातला चौथाही हिशेबात धरला तर चार. चार भावांना एकाच ताग्यातून कापड फाडून सदरे शिवावेत, तसे हे दिसतात.

मी स्वतः यात साफ फसलेलो आहे. तांबडी सुर्लाच्या देवळाजवळ, किंदळाच्या खोडावर बसलेल्या एका सुताराचा फोटो मी दोन वर्षं 'मोठा सोनपाठी' म्हणून लोकांना दाखवत होतो. रान दाट आहे, झाडं उंच आहेत, तेव्हा पक्षीही मोठाच असणार, असा माझा अडाणी हिशेब. मग एका पावसाळ्यात संगणकावरचा कचरा उपसताना तोच फोटो मोठा करून पाहिला. गालावर एकच जाड काळी मिशी, म्हणजे चोचीपासून निघणारा पट्टा, होती. मोठ्या सोनपाठीची मिशी दुहेरी असते. म्हणजे फोटो स्वच्छ, ऊन चांगलं, पक्षी जेमतेम दहा-बारा हातांवर, आणि तरी मी चुकलो, कारण सगळा वेळ मी त्याची पाठ बघत होतो.

पाठच तर फसवते. सोनं चारही जणांकडे आहे. त्यामुळे या लेखात मी तुम्हाला पाठ सोडून बाकी सगळीकडे बघायला सांगणार आहे.

मुळात सुतारच आहे ना?

खोडावर दिसणारा प्रत्येक पक्षी सुतार नसतो, आणि ठोकण्याचा प्रत्येक आवाज सुताराचा नसतो. पण सुताराची बैठक एकदा नीट पाहिली की ही शंका कायमची मिटते.

जवळचा माड धरा. सुतार त्यावर येऊन आदळल्यासारखा बसतो, खोडाला समांतर, डोकं वर. मग दोन्ही पायांनी एकदम उडी मारून वितभर वर सरकतो, थांबतो, पुन्हा उडी. प्रत्येक थांब्याला त्याची शेपटी खोडावर दाबली जाते. दुर्बिणीतून बघितलंत तर शेपटीची टोकं किंचित वाकलेलीही दिसतील. ही पिसं बांबूच्या कांबीसारखी ताठ असतात. दोन पाय आणि शेपटी मिळून त्याची तिवई होते, आणि तिवईवर बसून तो घाव घालतो. नारळ काढणाऱ्या पाडेल्याला माडाला मिठी मारायला हात असतात. सुताराला ते नाहीत, म्हणून शेपटीने हाताचं काम घेतलं.

इथे निसर्गाची एक बारीक काळजी बघण्यासारखी आहे. बहुतेक पक्षी वर्षातून पिसं टाकतात, शेपटीचीही. सुताराच्या शेपटीची मधली जोडी सर्वांत मजबूत, आणि ती तो सर्वांत शेवटी टाकतो, बाजूची नवी पिसं वाढून भार पेलायला तयार झाल्यावर. तिवईचा तिसरा पाय त्यामुळे कधी निखळत नाही.

आता खोडावर उलटं डोकं करून, खाली तोंड करून चालणारा पक्षी दिसला तर तो सुतार नाही. ती शिलिंध्री. आपल्या रानात मखमली कपाळाची शिलिंध्री दिसते: चिमणीपेक्षा लहान, पाठ जांभळट निळी, चोच लाल, डोळा पिवळा. ती शेपटीचा आधार घेत नाही, एक पाय वर एक पाय खाली असा पकडीवर चालते, म्हणून तिला वर-खाली सारखंच. सुताराला खाली यायचं झालं तर तो डोकं वरच ठेवून मागे मागे सरकतो, शिडीवरून उतरणाऱ्या माणसासारखा. आणि झाडाला गोल भोक पाडणारा, पण फांदीवर आडवा बसणारा हिरवा जाडजूड पक्षी म्हणजे कुटुर्गा किंवा त्याचा धाकटा भाऊ तांबट. घर पोखरण्याची कला त्यांच्याकडेही आहे, चढण्याची नाही.

एक गैरसमज जाता जाता निकालात काढतो, कारण शाळेत मलाही तो शिकवला गेला. सुताराच्या कवटीत धक्के शोषणारी गादी असते, हेल्मेटसारखी, असं सर्रास सांगतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन जातींच्या सुतारांचं ठोकणं वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून मोजलं गेलं, तेव्हा कवटी घट्ट हातोडीसारखी वागते असं निघालं. विचार केला तर पटतं. हातोडीला स्पंज लावून खिळा कोण ठोकेल? त्याचा मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. इतक्या छोट्या मेंदूला त्या धक्क्यांनी इजा होत नाही. जिभेची गोष्ट मात्र ऐकीव वाटली तरी खरी आहे: जिभेला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतात, म्हणूनच ती सालीखालच्या बोगद्यात इतकी लांब जाते.

आधी कान, मग डोळे

दाट रानात सुतार बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. ठोकणं दोन तऱ्हेचं असतं आणि त्यातला फरक कळला की अर्धं काम झालं. अनियमित, थांबत थांबत, "टक... टक-टक... टक" असं चाललं असेल तर तो जेवतो आहे. तेव्हा तो एका जागी बराच वेळ असतो आणि तुम्हाला सापडू शकतो. याउलट एकदम "टर्रर्रर्र" असा सलग वाजला आणि थांबला, तर ते ढोल वाजवणं झालं. कोकीळ गाऊन जे सांगतो ते सुतार वाळक्या फांदीवर वाजवून सांगतो: हा इलाखा माझा. हा ढोल हिवाळा सरता सरता वाढतो, आणि तो वाजवणारा बहुधा उंच, वाळलेल्या, पोकळ फांदीवर असतो. तेव्हा खोडं शोधत बसू नका, शेंड्याकडे बघा.

तिसरी खूण कानाची नाही, जमिनीची. वरून सालीचे तुकडे, भुसा पडताना दिसला की थांबा. मी एकदा वीस मिनिटं वर मान करून शोधत होतो आणि सोबतचा रानातला माणूस खाली बघत होता. पक्षी त्यालाच आधी मिळाला.

सुताराला एक खोड आहे, ती माहीत नसली की चिडचिड होते. तुमची चाहूल लागली की तो खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. तुम्ही फेरी मारून तिकडे गेलात की तो इकडे. लपंडावात त्याला कुणी हरवू शकत नाही. उपाय एकच: दोघे असाल तर एकाने थांबायचं, दुसऱ्याने सावकाश फिरायचं. एकटे असाल तर पुढचं झाड धरून गप्प उभं राहायचं. तो वर चढत जातो, आणि शेवटी त्याला पुढच्या झाडावर जावंच लागतं. सुतार सहसा वरून उडून पुढच्या झाडाच्या खालच्या भागावर बसतो आणि पुन्हा चढायला लागतो. म्हणून नजर त्या पुढच्या खोडाच्या बुंध्याकडे तयार ठेवायची.

आणि हाच तो क्षण, ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला आहे.

दोन नजरा, दोन प्रश्न

उडताना सुताराची पाठ आणि पंख तुमच्याकडे उघडतात. त्या दीड-दोन सेकंदांत फक्त एक गोष्ट बघायची: शेपटी जिथे सुरू होते, तिच्या लगेच वरची जागा. त्याची कंबर म्हणा. ती लाल आहे की काळी? बाकी काही बघू नका, मोहात पडू नका. मग तो बसला की दुसरा प्रश्न: गालावर मिशी आहे का, आणि असली तर एक की दोन?

उडताना कंबर, बसल्यावर मिशी. एवढं पाठ झालं की चारांतले तीन जागच्या जागी सुटतात.

कंबर काळी असेल तर बहुधा तो आपला ओळखीचा, गावातला सुतार. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक' म्हणतात, म्हणजे काळ्या कमरेचाच. मैनेपेक्षा जरासा मोठा, २६ ते २९ सेंटिमीटर. माड, आंबा, परसातलं शेवग्याचं झाड, रस्त्याकडेची झाडं, हे याचं राज्य. याला वेगळी मिशी नाही. याचा गळाच काळा आहे आणि त्यावर पांढऱ्या बारीक खुणा आहेत, जणू कोळशाच्या पोत्यावर तांदळाची कणी सांडली. खांद्यावरही पांढरे ठिपके. चौघांत काळ्या गळ्याचा हा एकटाच, तेव्हा गळा दिसला तर पुढे काही विचारायची गरज नाही. मेलेल्या माडाच्या उभ्या खोडात हा घर पोखरतो. २०१६ साली गोव्यात कायद्याने माडाचं झाडपण काढून घेतलं होतं आणि पुढे ते परत दिलं. या सुताराला दोन्ही वेळी त्याचा पत्ता नव्हता.

कंबर लाल असेल तर तुम्ही रानात आहात, किंवा रानाला लागून असलेल्या कुळागरात. आता दोन उमेदवार: 'कॉमन फ्लेमबॅक' आणि 'ग्रेटर फ्लेमबॅक'. नावातल्या 'कॉमन'ने फसू नका. गोव्यात गावोगाव सहज दिसणारा तो वरचा, काळ्या कमरेचा. हा कॉमन ओलसर दाट झाडीचा. मी या दोघांना आपसात मधला आणि मोठा म्हणतो.

मधल्याचा गळा पांढरा आणि गालावर एकच भरीव काळी मिशी. मोठ्याची मिशी दुभंगलेली: चोचीच्या मुळापासून दोन बारीक काळ्या रेघा निघतात, मध्ये पांढरी फट राहते, आणि पुढे जाऊन त्या पुन्हा जुळतात. नदीच्या पात्रात बेट असावं तशी. माझ्या त्या फोटोत हे बेट नव्हतं, आणि मी दोन वर्षं ते बघितलं नाही.

पण पक्षी पाठमोरा असेल तर? बहुतेक वेळा असतोच. मग मान बघा, तुऱ्याच्या खालचा मागचा भाग. मधल्याची मान मागून काळी, मोठ्याची पांढरी. ही खूण मला मिशीइतकीच उपयोगी वाटते आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात.

मग चोच. इथे मनातल्या मनात एक छोटं मोजमाप करायचं: चोच उचलून डोक्यावर मागे दुमडली तर कुठवर पोचेल? मधल्याची डोकं संपण्याआधीच संपते. मोठ्याची डोक्याइतकी किंवा त्याहून लांब, पहारेसारखी. डोळाही वेगळा: मोठ्याचा फिकट, पिवळसर पांढरा, त्यामुळे तो कायम रोखून बघत असल्यासारखा वाटतो. मधल्याचा गडद, आणि काळ्या पट्ट्यात विरून जाणारा. लांबीचा आकडा सांगायचा तर मधला २८ ते ३० सेंटिमीटर, मोठा साधारण ३३, म्हणजे पारव्याएवढा. पण आकारावर मी कधीच पैज लावत नाही. चाळीस फूट उंचीवर, मागे नुसतं आभाळ असताना, तीन-चार सेंटिमीटर कुणाला दिसतात?

चौथा राहिला. 'व्हाइट-नेप्ड', पांढऱ्या मानेचा. काळी कंबर दिसली पण गळा पांढरा निघाला, मिशी दुहेरी निघाली, तर हा. याच्या मानेचा पांढरा रंग खाली पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये उतरतो, आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांमुळे तिथे कोन तयार होतो. हा मुळात कोरड्या पानगळी रानांचा. आपल्या दमट बाजूला तो सहज भेटेल अशी आशा धरू नका, पण काळी कंबर दिसली की डोळे मिटून गावातला सुतार लिहून टाकायचीही घाई नको.

माद्यांनी काम सोपं केलं आहे

वरच्या सगळ्यात मी लाल तुऱ्याचा फारसा उल्लेख केला नाही, कारण सगळं डोकं लाल म्हणजे नर, एवढंच त्यावरून कळतं. नर चौघांचेही लाल डोक्याचे. माद्यांकडे मात्र प्रत्येकीची वेगळी ओढणी आहे. मधल्याच्या मादीचं डोकं काळं, त्यावर पांढऱ्या रेघा. मोठ्याच्या मादीचं काळं, पण त्यावर गोल पांढरे ठिपके. गावातल्या सुताराच्या मादीचं डोकं पुढून काळं ठिपकेदार आणि मागे तुरा लालच. पांढऱ्या मानेच्या सुताराच्या मादीचं चक्क पिवळं.

रेघ की ठिपका, एवढा तो फरक. जोडी दिसली तर मी आधी मादीकडे बघतो. नर ओळखणं मग आपोआप होतं, कारण सुतार सहसा जोडीनेच फिरतात.

इतके सारखे का?

हा प्रश्न मला ओळखण्यापेक्षाही जास्त आवडतो. मधला आणि मोठा एकाच रानात, एकाच खोडावर, इतके सारखे दिसतात की सख्खे भाऊ वाटावेत. प्रत्यक्षात त्यांचं नातं लांबचं आहे. मधला आणि गावातला सुतार एका घराण्यातले, आणि त्यांची जवळीक हिरव्या सुतारांशी आहे. मोठा आणि पांढऱ्या मानेचा दुसऱ्या घराण्यातले, आणि त्या घराण्याचे जवळचे नातलग अमेरिकेतले ते धिप्पाड आयव्हरी-बिल्ड सुतार. म्हणजे मोठ्याचे भाऊबंद समुद्रापलीकडे आणि त्याचा जुळा वाटणारा शेजारी परका.

एकत्र राहणाऱ्या पक्ष्यांत लहान जातीने मोठ्या, दांडगट जातीसारखं दिसू लागण्याची अशी उदाहरणं जगभर आढळतात, सुतारांत विशेष. लहानाला त्याचा फायदा असा असावा की इतर पक्षी त्याला मोठा समजून वाट सोडतात. म्हणजे माझा जो फोटो चुकला, त्यात माझ्यासारखंच रानातल्या दुसऱ्या एखाद्या पक्ष्यालाही फसवण्याची सोय असू शकते. एवढाच काय तो दिलासा.

पण यातून ओळखण्यासाठी एक पक्की गोष्ट हाती लागते. पिसांचा रंग नक्कल करू शकतो. हाडांची ठेवण तितक्या सहज बदलत नाही. म्हणूनच चोचीची लांबी आणि पाय यांवर भरवसा जास्त. मधल्याच्या पायाला बोटं तीनच असतात, मोठ्याच्या चार. दुर्बिणीतून हे दिसेल या भ्रमात राहू नका. मात्र चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत कधी कधी बोटं मोजता येतात, आणि मोजता आली तर वाद संपला.

पुस्तकांच्या बाबतीत एक सूचना. जुन्या पुस्तकांत मोठा सोनपाठी म्हणजे भारतापासून फिलिपिन्सपर्यंत एकच जात असे. आता तिच्या अनेक जाती झाल्या आहेत, आणि काही याद्यांत आपल्या सह्याद्रीतल्या मोठ्याला 'मलबार फ्लेमबॅक' म्हणून वेगळं धरलं आहे. नाव बदललेलं दिसलं तर गोंधळू नका. पक्षी तोच आहे, मिशीही तीच.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण लिहून आवाज शिकवता येत नाही. गावातला सुतार उडताना खिंकाळतो, शिंगरासारखा. मोठ्याचा आवाज एकसुरी आणि धातूचा. मधल्याचा त्याच धर्तीवर, पण बारीक आणि घाईचा. आणि जिथे भृंगराज आहे तिथे नुसत्या आवाजावर काही लिहू नका. शेपटीला दोन लांब तारा लावून फिरणारा तो नकल्या कुणाचाही आवाज काढतो.

सोनेरी नसलेले

आपल्या रानात आणखीही सुतार आहेत आणि सुदैवाने त्यांतले बरेचसे स्वतःची ओळख स्वतःच देतात. पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार दिसला तर बाकी सगळं सोडून त्याच्याकडे बघा. ४८ सेंटिमीटरचा, कावळ्याहून मोठा, डोक्यावर लाल तुरा. दक्षिण भारतात याहून मोठा सुतार नाही. त्याला जुनी, जाड खोडांची झाडं लागतात, म्हणून मोले, खोतीगाव अशा जुन्या रानांच्या भागातच नशीब आजमावायचं.

त्याच्या अगदी उलट, १६ सेंटिमीटरचा 'हार्ट-स्पॉटेड'. काळा-पांढरा, डोकं मोठं, शेपटी इतकी तोकडी की कुणी कापून टाकली असं वाटावं. पंखांवर काळे ठिपके, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे. तो जोडीने पर्णहीन शेंड्यांवर हिंडतो आणि सारखा बोलतो.

विटकरी रंगाचा सुतार तर घराच्या बाबतीत बेरकी. झाडावर काळसर, पुठ्ठ्यासारखं दिसणारं मुंग्यांचं गोळ्यासारखं घर असतं ना, पानं जोडून घर करणाऱ्या ओंबील मुंग्यांचं नव्हे, दुसरं, बारीक काळ्या मुंग्यांचं? तो त्या जिवंत वारुळातच भोक पाडून अंडी घालतो. मुंग्या त्याचं अन्नही आणि पहारेकरीही. अशा गोळ्याला गोल भोक दिसलं तर दूर बसून वाट बघा.

हिरव्या सुतारांत पिवळ्या तुऱ्याचा एक आणि गळ्यावर रेघा असलेला दुसरा. हा दुसरा पुष्कळदा जमिनीवर मुंग्या खाताना दिसतो, त्यामुळे लोकांना सुतार वाटतच नाही. आणि मराठी माणसाला नाव आवडेल असा एक: 'मराठा सुतार'. लॅथमने १८०१ साली त्याच्या शास्त्रीय नावात 'महरट्टेन्सिस' घातलं ते आजही टिकून आहे. कपाळ पिवळं, अंग ठिपकेदार, जेमतेम १७-१८ सेंटिमीटर. पण तो ओल्या रानापेक्षा घाटावरच्या कोरड्या झाडोऱ्यात रमतो.

कुठे, कधी

फेब्रुवारी-मार्च. किंदळ आणि माट्टी, म्हणजे ऐन, यांची पानं झडलेली असतात, मगरीच्या पाठीसारखी ऐनाची साल उघडी पडते, सुतार ढोल वाजवत असतात आणि जळवा नसतात. पहाटेची घाई नको. उजेड खोडांवर आला की ते हलू लागतात. सावर किंवा पांगारा फुललेला असेल तर त्याखाली बसून राहा. सोनेरी सुतार फुलांतला मध प्यायला येतात आणि त्या वेळी ते खोडामागे लपत नाहीत.

तांबडी सुर्ला माझी आवडती जागा. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ, आजूबाजूला रान, सपाट वाट. मोले, बोंडला, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, सगळीकडे हे पक्षी आहेत. पण शिकायचं असेल तर मी आधी गावातला माड सुचवेन. काळ्या कमरेचा सुतार इतका पाहा, इतका पाहा, की त्याचा कंटाळा यावा. मग रानात दुसरा कुणी दिसला की काहीतरी वेगळं आहे हे तुम्हाला कारण कळण्याआधीच जाणवेल. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका. विणीच्या दिवसांत तो घर सोडून त्या खोट्या शत्रूला शोधत फिरतो.

माझ्या मामाचं नेत्रावळीला कुळागर आहे. पोफळी, माड, मिरी, आणि मागे लगेच रान. त्याने आयुष्यभर सुतार बघितले आणि त्याच्या लेखी सुतार एकच. मागच्या वर्षी मी त्याला कंबर आणि मिशीचं हे प्रकरण सांगितलं, तेव्हा तो पानाला चुना लावता लावता म्हणाला, "त्यांच्या मिशा मोजायच्या? मला आता पोफळी मोजताना दिसत नाही नीट."

गेल्या शिगम्याच्या सुमारास त्याचा फोन आला. घाईघाईत बोलत होता.

"अरे, मिशी दुहेरी. मध्ये पांढरं. आणि मान मागून पांढरी."

"मामा, मोठा आहे तो! कंबर बघितलीस?"

"उडाला तेव्हा बघितली. लाल."

"मादी होती की नर? डोक्याचा रंग काय होता?"

तो थोडा वेळ गप्प राहिला.

"रंग बघायचा राहिला रे."